साहेबांचे २, माझे ४: कुणाचं माप खरं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते तुम्हाला कळेल. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तुम्ही सहा वर्षं सप्लायर क्वालिटी, म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाचा दर्जा, बघता. वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये तुम्ही स्वतःला ५ पैकी ४ दिलेत. साहेबांनी २ दिले आणि शेरा मारला, ‘ओनरशिप कमी’. शेजारच्या टेबलावरचा सहकारी तुमच्या मते निम्मं काम करतो आणि मीटिंगमध्ये दुप्पट बोलतो. त्याला ४ मिळाले. तुम्ही विचारताय, मला स्वतःला ओळखता येत नाही, की साहेबांना माणसं ओळखता येत नाहीत? आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय: पुढच्या महिन्यात तुम्हालाच दोन ज्युनियर मुलांचे फॉर्म भरायचे आहेत, आणि आता पेन उचलायची भीती वाटतेय.

ती भीती मला आवडली. तिच्याकडे नंतर येतो.

आधी एक कबुली देतो. तुमचा मजकूर वाचून संपेपर्यंत तुमचे साहेब माझ्या डोळ्यांसमोर उभेसुद्धा राहिले होते. पन्नाशीचे, कपाळावर आठी, एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने फॉर्म भरणारे. तो सहकारी तर मला आवाजासकट ऐकू आला. यातलं एक अक्षरही तुम्ही लिहिलेलं नाही. माणसांना गुण देण्याच्या धंद्यात माझी पंचवीस वर्षं गेली, तरी मन हेच करतं. प्रिन्स्टनच्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरा सेकंदाचा जेमतेम दहावा भाग दाखवला, तरी लोक तो माणूस विश्वासू आहे की नाही, कर्तबगार आहे की नाही हे सांगून मोकळे होत. जास्त वेळ दिल्यावर मत फारसं बदलायचं नाही, फक्त मतावरचा भरवसा वाढायचा. हे ध्यानात ठेवून माझं पुढचं वाचा. मी एकच बाजू ऐकली आहे, आणि ती तुमची आहे.

मी भोसरीत लाईन इन्स्पेक्टर म्हणून लागलो. हातात व्हर्नियर आणि प्लग गेज ही मोजायची साधनं, समोर पीसचा ढीग. अकरा वर्षं क्वालिटीत काढली, मग ट्रेनिंगमध्ये आणि तिथून एचआरमध्ये गेलो. मित्र म्हणायचे, लोखंड सोडून माणसं मोजायला लागलास. त्या चेष्टेत तथ्य होतं, आणि तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तरही तिथूनच येतं.

तुम्ही सप्लायर क्वालिटीतल्या, म्हणजे गेज आर अँड आर तुम्हाला सांगायला नको. बाकी वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहितो. गेज म्हणजे मोजायचं साधन. पीसचं माप खरं मानण्याआधी मोजण्याची पद्धत तपासायची. साधारण १० पीस घ्यायचे, ३ माणसांनी तेच पीस दोन-तीनदा मोजायचे, आपण कुठला पीस मोजतोय हे त्यांना कळू द्यायचं नाही. मग बघायचं, आकड्यांतला फरक पीसमुळे किती आणि मोजणाऱ्यामुळे व गेजमुळे किती. मोजमापाचा वाटा १० टक्क्यांच्या आत असला तर उत्तम. १० ते ३० असला तर काम बघून चालवून घ्यायचं. ३० च्या वर गेला तर त्या गेजने काही ठरवायचं नाही. आणि गंमत बघा, या पद्धतीच्या पुस्तकात मोजणाऱ्या माणसाला नाव आहे ‘अप्रेझर’. तोच शब्द. पीसच्या बाबतीत आपण अप्रेझरवर आधी संशय घेतो. माणसाच्या बाबतीत अप्रेझरने आकडा लिहिला की तो थेट पगारात जातो.

माणसांवर असा अभ्यास झालेला आहे. स्टीव्हन स्कलेन, मायकेल माउंट आणि मेनार्ड गॉफ यांनी २००० मध्ये जवळजवळ साडेचार हजार मॅनेजरांच्या गुणांची चिरफाड केली. प्रत्येकाला दोन वरिष्ठांनी, दोन बरोबरीच्यांनी आणि दोन हाताखालच्यांनी गुण दिले होते. गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग गुण देणाऱ्या त्या-त्या माणसाच्या स्वतःच्या सवयीतून आलेला निघाला. कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता, कुणाला बोलकी माणसं भावतात, कुणाला वेळेवर येणारी. आपल्या हिशोबात हा गेज केव्हाच लाल पट्टी लावून कपाटात गेला असता.

म्हणून पहिली गोष्ट: ‘२’ हे तुमचं माप आहे असं धरू नका. ते तुमचं आणि साहेबांचं मिळून झालेलं माप आहे.

यावर खूश होण्याआधी जरा थांबा. तुमचा ‘४’ सुद्धा एकाच अप्रेझरने, एकाच गेजने, एकदाच घेतलेलं रीडिंग आहे. आणि त्या गेजची एक ठरलेली चूक आहे.

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? बहुतेक ठिकाणी दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. यात हसण्यासारखं काय, असं वाटेल. पण भांडण सुरू करणं वगैरे ज्या गोष्टींचं श्रेय कुणालाच नको असतं, तिथेही लोकांनी आपला वाटा वाढवूनच सांगितला. म्हणजे नुसती फुशारकी हे कारण पुरत नाही. कारण अगदी साधं आहे. मी रात्री दहाला भांडी घासली हे मला आठवतं, कारण तेव्हा मी तिथे होतो. बायकोने दुपारी दळण आणलं तेव्हा मी तिथे नव्हतो.

तुमच्या बाबतीत हे कसं लागू होतं बघा. सप्लायरकडे जाऊन लॉट सॉर्ट करून घेतलेली दुपार, रात्री साडेनऊला आलेला फोन, परत परत पाठवलेले मेल, हे सगळं तुमच्या गेजमध्ये आहे. साहेबांच्या गेजमध्ये काय आहे? लाईन थांबली की नाही, आणि थांबली तर त्यांना ते तुमच्याकडून आधी कळलं की प्रॉडक्शनवाल्याकडून. तुम्ही मेहनत मोजताय, ते त्यांना दिसलेला परिणाम मोजताहेत. दोन्ही आकडे ५ पैकी लिहिले म्हणून ते एकाच मापाचे होत नाहीत. एकाने मिलिमीटर लिहिले आणि दुसऱ्याने इंच, असला प्रकार आहे हा.

मग स्वतःबद्दल आपल्याला काहीच कळत नाही का? कळतं, पण सगळ्या बाबतीत सारखं नाही. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये याचा छान उलगडा केला. आतून किती धास्ती वाटते, स्वतःबद्दल किती खात्री आहे, असल्या गोष्टी माणूस स्वतः जास्त बरोबर सांगतो. बुद्धी, कल्पकता असल्या गोष्टी, ज्यात चांगलं दिसायची आपल्याला ओढ असते, त्या जवळचे मित्र जास्त बरोबर सांगतात. माझा अनुभवही हाच. ऑपरेटर कामाने दमलाय की कंटाळलाय हे त्यालाच विचारावं. तो नव्या मुलांना नीट शिकवतो का, हे मात्र नव्या मुलांना विचारावं.

आता त्या सहकाऱ्याबद्दल. तो निम्मं काम करतो असं तुम्ही लिहिलंय. मला विचारावंसं वाटतं, तुम्ही ते मोजलंय की तुम्हाला ते दिसलंय? रॉस-सिकोलींचा हिशोब इथेही लागू आहे, त्याची रात्री दहाची भांडी तुम्ही पाहिलेली नाहीत. तरी समजा तुमचं खरं आहे. मग त्याला ४ का मिळाले? माझ्याकडे त्याचं एक आवडतं उत्तर आहे. ली रॉस, टेरेसा अमाबिले आणि ज्युलिया स्टाइनमेट्झ यांनी १९७७ मध्ये स्टॅनफर्डला एक प्रश्नमंजुषा घेतली. चिठ्ठी टाकून एकाला प्रश्न विचारणारा केलं, दुसऱ्याला उत्तर देणारा. विचारणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले अवघड प्रश्न काढायचे. साहजिकच समोरचा अडखळला. नंतर बघणाऱ्यांना विचारलं, जास्त ज्ञानी कोण? प्रश्न विचारणारा. भूमिका चिठ्ठीने ठरल्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. उत्तर देणाऱ्यांनी स्वतःसुद्धा तेच सांगितलं.

तुमची सकाळची रिव्ह्यू मीटिंग डोळ्यांसमोर आणा. सप्लायर क्वालिटीवाली व्यक्ती तिथे कायम उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीत असते. ‘तो लॉट का आला? कधी बदलून मिळणार? करेक्टिव्ह ॲक्शन काय?’ आणि तुमचा सहकारी, माझा अंदाज, प्रश्न विचारतो. ज्याला रोज खुलासे द्यावे लागतात तो कमजोर दिसतो आणि खुलासे मागणारा सावध दिसतो. खुर्च्यांची अदलाबदल केली तर आठवड्यात चित्र पालटेल. शिवाय एकदा माणूस हुशार वाटला की तो आपोआप वक्तशीर, जबाबदार आणि प्रामाणिकही वाटायला लागतो. सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य असं सगळं एकाच रंगात रंगवतात, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. शंभर वर्षांत फॉर्म ऑनलाइन झाला, इतकाच बदल.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

क्वालिटीतल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. हाऊसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) बोअरचं, म्हणजे भोकाचं, मशीनिंग चालायचं. तिसऱ्या पाळीत एक ऑपरेटर होता. खेड तालुक्यातला, घरची शेती, म्हणून त्याने स्वतःहून कायमची रातपाळी मागून घेतली होती. त्याच्या पाळीत रिवर्कचा, म्हणजे पुन्हा दुरुस्त करायच्या पीसचा, ढीग ठरलेला असायचा. प्लग गेजची ‘गो’, म्हणजे भोकात जायलाच हवी ती बाजूच आत जायची नाही, बोअर अंडरसाईज. महिनोन्महिने तेच. रजिस्टरला त्याचं नाव आणि पुढे आकडा. मी त्याच्या शीटवर लिहिलं, ‘कामात निष्काळजी’. त्याने सांगितलं नाही असं नाही. तो म्हणाला होता, साहेब, रात्री बोअर माप धरतच नाही. त्यावर मी चार लोकांत म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. लोक हसले. मीही हसलो. त्या वर्षी त्याची पगारवाढ अडली.

पुढच्या वर्षी भात लावणीला तो बारा-तेरा दिवस रजेवर गेला. त्याच्या जागी पहिल्या पाळीतला आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस ठेवला. रिवर्कचा ढीग तेवढाच. तेव्हा मी पहिल्यांदा टूल बदलायचं रजिस्टर उघडलं. टूल सेटर, म्हणजे मशीनला हत्यारं लावणारा, सकाळी यायचा आणि बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं धारेचं टोक, पहिल्या पाळीच्या सुरुवातीला बदलायचा. दिवसभर धार झिजत जायची, आणि झिजलेली धार पोचायची रातपाळीला. बोअरिंगमध्ये इन्सर्ट झिजला की बोअर लहान येतं, हे आयटीआयच्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. बाकीच्यांसारखा तोही पाळ्या बदलत असता तर तो ढीग दर आठवड्याला नवीन नावावर चढला असता आणि कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला असता. पण तिसरी पाळी आणि तो माणूस एकमेकांना चिकटलेले होते, म्हणून पाळीचा दोष त्याच्या स्वभावात जमा झाला. अंगण खरंच वाकडं होतं.

मी जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग आता रातच्याला एक सेटर ठेवा.” बस, एवढंच. अडलेली पगारवाढ पुढे मिळाली, मागच्या वर्षाची मिळाली नाही.

यातली मला जास्त टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच सुमारास माझ्या हातून एक चुकीचा लॉट पास झाला होता. तेव्हा मी काय कारण दिलं? इन्स्पेक्शनच्या टेबलावर उजेड कमी आहे. मॅनेजरने मान्य केलं, दोन ट्यूबलाईट वाढवून मिळाल्या. माझं अंगण वाकडं असू शकत होतं, त्याचं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण आपण पोरांच्या कौतुकावर वापरतो, पण तिच्यात याच चुकीचं वर्णन आहे. माझ्या वागण्याला परिस्थिती कारण, त्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव.

आपल्या लोकांना परिस्थिती दिसत नाही, असंही नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला म्हैसूर आणि शिकागोतल्या लोकांचा अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. ओळखीच्या माणसांचं वागणं का तसं, हे सांगताना शिकागोतले मोठे लोक स्वभावाकडे जास्त बोट दाखवत, म्हैसूरचे हिंदू लोक नात्यांकडे आणि परिस्थितीकडे. त्यात एक हकीकत होती. मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस अपघातात जखमी होतो, चालवणारा वकील त्याला दवाखान्यात पोचवून कोर्टात निघून जातो, पुढे तो माणूस दगावतो. अमेरिकी मंडळी म्हणत, वकील बेजबाबदार. म्हैसूरकर म्हणत, कोर्टात अशील थांबला होता, तेही कर्तव्यच. लहान मुलांत हा फरक फारसा नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेलेला होता. म्हणजे ही नजर शिकवलेली असते. घरी कुणी लग्नाला आलं नाही तर आपण आधी विचारतो, घरात काही झालं का? ऑफिसात तोच प्रश्न विचारायला फॉर्ममध्ये जागाच नसते. तिथे रकाने असतात ‘ॲटिट्यूड’, ‘इनिशिएटिव्ह’, ‘ओनरशिप’ असे. सगळे माणसाच्या आतले. ‘टूल कधी बदललं’ असा रकाना मी कुठल्याही अप्रेझल फॉर्मवर पाहिलेला नाही.

कुणीतरी तुम्हाला एव्हाना डनिंग-क्रुगरही ऐकवलं असेल. ज्यांना कमी येतं त्यांनाच जास्त येतं असं वाटतं, म्हणून तुमचा ४ खोटा. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांच्या १९९९ च्या अभ्यासात तळाच्या पाव भागातले लोक सरासरी १२ व्या पर्सेंटाइलला (म्हणजे शंभरात जेमतेम बारा जणांच्या पुढे) असून स्वतःला ६२ व्या आसपास समजत होते, हे खरं. पण त्यातला काही भाग निव्वळ आकड्यांच्या खेळातून येतो, असा आक्षेप नंतर बऱ्याच संख्याशास्त्रज्ञांनी घेतला आहे. आणि त्यावरून एका विशिष्ट बाईचा ४ खरा की खोटा, हे कुणालाच सांगता येत नाही. शेजाऱ्याला गप्प करायला ते वापरलं जातं, तेवढाच त्याचा रोजचा उपयोग मी पाहिलाय. सोडून द्या.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमच्या कंपनीचं मला काही ठाऊक नाही. तुमच्याकडे बेल कर्व्ह आहे का? म्हणजे विभागात इतक्यांनाच ४ आणि इतक्यांना २ द्यायचेच, अशी सक्ती? मायक्रोसॉफ्टने असली सक्तीची उतरंड २०१३ मध्ये बंद केली, पण आपल्याकडच्या अनेक कारखान्यांत ती या ना त्या नावाने चालूच आहे. तसं असेल तर तुमचा २ कदाचित आधी ठरला आणि ‘ओनरशिप’ हा शब्द नंतर शोधला गेला. मी स्वतः असे शब्द शोधून दिलेले आहेत. अभिमानाने सांगत नाही. कोऱ्या रकान्यासमोर बसलेल्या मॅनेजरला ‘ओनरशिप कमी’ फार सोयीचं पडतं, कारण त्याला पुरावा लागत नाही. दुसरं, वर्ष एप्रिल ते मार्च असलं तरी फॉर्म भरताना आठवतात ते जानेवारी ते मार्च. त्या तिमाहीत तुमचा एखादा सप्लायर बुडाला होता का? तिसरं, साहेब तुमच्याच प्लांटला बसतात का? जो साहेब आठवड्यातून एकदा येतो त्याचा गेज म्हणजे मीटिंग. या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडेच आहेत, आणि माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा ती जास्त मोलाची आहेत.

आणि एक शक्यता उघडी ठेवा की साहेबांचं बरोबर आहे. गेज खराब असला तरी पीसही खराब असू शकतो.

ते कळायचा एकच रस्ता मला माहीत आहे: शब्द सोडून घटनेवर यायचं. जॉन फ्लॅनागन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना ही रीत बसवली आणि १९५४ मध्ये लिहून काढली. माणूस कसा आहे हे विचारायचं नाही, तो कुठल्या प्रसंगी काय करून गेला ते विचारायचं. साहेबांकडे जाऊन ‘मला २ का?’ विचारलंत तर ते समर्थन करत बसतील. त्याऐवजी विचारा, “या वर्षातला एक प्रसंग सांगा जिथे मी वेगळं वागायला हवं होतं. आणि काय करायला हवं होतं?” एकच प्रसंग. मी तीन मॅनेजरांना वेगवेगळं विचारलंय, ओनरशिप म्हणजे काय. एक म्हणाला, रविवारी फोन उचलणं. दुसरा म्हणाला, वाईट बातमी मी विचारायच्या आधी सांगणं. तिसरा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “माझ्यासारखं टेन्शन आलं पाहिजे त्याला.” मालकी म्हणावं तर मालक रागावतील, असा हा शब्द आहे. तुमच्या साहेबांच्या डोक्यातला अर्थ कोणता, ते कळेपर्यंत तुम्ही स्वतःला सुधारायलाही जाऊ नका आणि दोषही देऊ नका. त्यांना एकही प्रसंग आठवला नाही, तर तेही एक उत्तरच आहे. फक्त ते उत्तर तिथेच तोंडावर मारू नका, तुम्हाला तिथे पुढचं वर्ष काढायचं आहे.

आता ती भीती, ते दोन ज्युनियर.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो आणि ती बरोबर ठरते. का ठरते? कारण पातेलं एक, पाणी एक, आच एक आणि वेळ एक. त्यामुळे वरचं एक शीत सगळ्यांच्या वतीने बोलू शकतं. माणसाचा एक प्रसंग दुसऱ्या प्रसंगाबरोबर शिजलेला नसतो. म्हणून मला प्रत्येक मुलाची निदान आठ-दहा शितं लागतात, वेगवेगळ्या आचेवरची.

तुमच्याकडे एक महिना आहे. आजच एक वही करा, दोघांना दोन पानं. प्रसंग, तारीख, काय केलं, आणि त्या दिवशी परिस्थिती काय होती. विशेषणं लिहायची नाहीत. ‘आळशी’ लिहावंसं वाटलं की थांबा आणि ज्यामुळे तसं वाटलं ते लिहा. मागच्या अकरा महिन्यांसाठी मेल, सप्लायरच्या भेटींच्या नोंदी आणि रिजेक्शनची रजिस्टरं चाळा. स्मरणावर जाऊ नका, स्मरण मार्चचंच निघेल. दोघांना मिळालेली कामं सारखी होती का, तेही त्याच पानावर लिहा. एकाकडे वर्षभर जुना, सवयीचा सप्लायर असेल आणि दुसऱ्याकडे नव्या पार्टचा, तर तुमच्याकडेही एक पहिली आणि एक तिसरी पाळी आहे.

फॉर्म भरताना एका मुलाचा पूर्ण फॉर्म संपवून दुसऱ्याकडे जाऊ नका. पहिला रकाना घ्या, दोघांचा भरा, मग दुसरा रकाना, तोही दोघांचा. एकूण गुण सगळ्यात शेवटी. डॅनियल कानेमन यांनी १९५५ च्या सुमारास, विशीत असताना, इस्रायली सैन्यासाठी मुलाखतीची पद्धत बसवली ती अशाच धर्तीवर. सहा गुण वेगवेगळे मोजायचे, एकेक संपवायचा, आणि सगळे झाले की मग डोळे मिटून एकंदर मत द्यायचं. आधीच्या गप्पाटप्पांच्या मुलाखतीपेक्षा ती बरी चालली. गंमत म्हणजे शेवटचं ते डोळे मिटून दिलेलं मतही चांगलं निघालं, पण सहा आकडे आधी लिहून झाल्यावर. अंदाजाला माझी ना नाही. तो रांगेत शेवटी उभा राहिला पाहिजे.

आणखी एक काम, जरा अवघड. दोघांपैकी एक तुम्हाला जास्त आवडतो. आत्ता वाचताना त्याचं नाव मनात आलंच असेल. त्याचा भरलेला फॉर्म चार दिवस बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर पुन्हा भरा, पहिला न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवा. आमच्या इन्स्पेक्टरांना आम्ही ओरखड्यांचे तेच पीस न सांगता पुन्हा मिसळून द्यायचो, तेव्हा अनुभवी माणसंही सकाळी पास केलेला पीस दुपारी फेल करायची आणि मग बराच वेळ तो पीस हातात फिरवत बसायची. तुमचंही तसं झालं तर लाज वाटून घेऊ नका. फरक जिथे पडला ते रकाने वहीतल्या प्रसंगांवरून परत बघा, बाकीचे तसेच राहू द्या.

मी स्वतः काय करतो ते सांगून थांबतो. मुलाखत झाली की समोरच्या माणसाबद्दल माझा अंदाज मी एका डायरीत दोन ओळींत, तारखेसह लिहितो. वर्षाने उघडतो. माझ्या चुकांची तऱ्हा तिथे कळली: कमी बोलणाऱ्यांना मी सवयीने कमी धरतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मान्य केलं नसतं, पण अक्षर माझंच होतं. त्या ऑपरेटरचा प्रसंग डायरी सुरू करायच्या आधीचा, पण तोही कमी बोलणाराच होता.

तुमच्या साहेबांना ‘ओनरशिप’ म्हणजे नक्की काय म्हणायचं होतं, याबद्दलचा माझा अंदाजही काल रात्री त्या डायरीत लिहून ठेवलाय. इथे सांगत नाही, नाहीतर तुम्ही त्यांच्यासमोर माझंच उत्तर ऐकून याल. भेट झाली की त्यांनी कुठला प्रसंग सांगितला तेवढं कळवा. माझा अंदाज चुकलेला असला तर तोही जसाच्या तसा इथे लिहीन.